युद्धकाळातील शांतीची हाक: काही आक्षेपांना उत्तर

युद्धाच्या काळात ख्रिस्ती मंडळीने शांतीसाठी उभे राहावे ही मागणी ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातून येते, आणि तोफा धडाडू लागल्या की तिच्यावरच पहिला हल्ला होतो. हा हल्ला बाहेरून होतो तसा मंडळीच्या आतूनही होतो. कोणी म्हणते, शांतीची भाषा म्हणजे शेपूट घालणे. कोणी शास्त्र उघडून त्यातली तलवार दाखवते. संख्येने थोडे असलेल्यांनी अशा वेळी गप्प राहिलेले बरे, नाहीतर निष्ठेवर संशय येतो, असा सल्ला हितचिंतकही देतात. यातले काहीच ज्यांना पटत नाही, ते सज्जन माणसासारखे सुचवतात की आधी युद्ध संपू दे, शांतीचे मग बघू. शेवटचा आक्षेप सर्वांत सौम्य वाटतो, पण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केले आहे.

शेपूट घालण्याचा आरोप निदान पुणे जिल्ह्यात तरी टिकू नये. भोर तालुक्याच्या पूर्व भागातील भोंगवलीपासून पुरंदर फार लांब नाही, आणि पुरंदरचे नाव मराठ्यांच्या इतिहासात दोन तहांशी जोडलेले आहे. १६६५ साली दिलेरखानाचा वेढा पडला, मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले, आणि त्यानंतर ११ जून रोजी शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगांशी तह केला. तेवीस किल्ले दिले, बारा राखले. गडावरची माणसे वाचली, राज्याचे मूळ वाचले. त्या तहाला भ्याडपणा म्हणण्याची महाराष्ट्रात कोणाची छाती होणार नाही. लढणे आणि थांबणे ही दोन्ही कामे धैर्याची असतात, आणि कधी थांबायचे हे ठरवायला जास्त धैर्य लागते. दुसरा तह १७७६ सालचा, पुणे दरबार आणि कलकत्त्याचे इंग्रज यांच्यातला. तो मुंबईच्या इंग्रजांना रुचला नाही, त्यांनी तो धाब्यावर बसवला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत लढाई चालू राहिली. त्या वर्षांत मावळातल्या आणि कोकणातल्या रयतेने जे सोसले ते तह पाळला असता तर टळले असते.

या दाखल्याची मर्यादाही मान्य केली पाहिजे. १६६५ चा तह लादलेला होता, म्हणूनच तो टिकला नाही. १६७० साली कोंढाणा आणि पुरंदर पुन्हा स्वराज्यात आले. जबरदस्तीची शांती टिकत नाही, हे ख्रिस्ती विचारालाही मान्य आहे. पोप तेविसावे योहान यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्र काढले. क्युबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर गेल्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. त्या परिपत्रात शांती सत्य, न्याय, प्रेम आणि स्वातंत्र्य यांवर उभी केली आहे. अन्याय तसाच ठेवून नुसता गोळीबार थांबवा, असे ख्रिस्ती शिकवणीत कोठेही नाही. शांतीची हाक म्हणजे आक्रमकाला मोकळे रान, हा समज या शिकवणीचे पहिले पानही न वाचता केलेला आहे.

शास्त्रातल्या तलवारीचा आक्षेप अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो घेणारे बहुधा श्रद्धावंत असतात. येशूने आपण तलवार आणायला आलो असे म्हटल्याचे मत्तयच्या दहाव्या अध्यायात आहे. पण पुढच्याच ओळींत विषय आहे तो त्याच्यामागे जाणाऱ्याला घरातूनच होणाऱ्या विरोधाचा. तो विरोध किती खरा असतो हे मराठी ख्रिस्ती समाजाला सांगावे लागत नाही. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या घराची जी वाताहत झाली, ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे घरोघरी माहीत आहे. लूकच्या बाविसाव्या अध्यायात शिष्य दोन तलवारी दाखवतात, आणि त्याच रात्री बागेत तलवार उपसणाऱ्या शिष्याला येशू थांबवतो व ज्याचा कान तुटला त्या शत्रूच्या माणसाला बरे करतो. एक प्रसंग सांगून दुसरा झाकून ठेवणे हे शास्त्राशी प्रामाणिक वागणे नव्हे. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात राज्यसत्तेच्या तलवारीला स्थान दिले आहे, पण त्याच्या आधीचा बारावा अध्याय शत्रूला जेवू घालण्याविषयी आणि होईल तितके सर्वांशी शांतीने राहण्याविषयी आहे. पौलाने हे दोन्ही एकाच दमात लिहिले. तेव्हा सत्तेचे काम आणि श्रद्धावंताचे काम यांची गल्लत करू नये, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या तीन शतकांतील बरेच ख्रिस्ती सैन्यात जात नसत. २९५ साली आजच्या अल्जीरियातील तेबेसा येथे मॅक्सिमिलियन नावाच्या तरुणाने रोमन सैन्यात नाव घालायला नकार दिला आणि त्याचा शिरच्छेद झाला. पुढे साम्राज्यच ख्रिस्ती झाले आणि प्रश्न बदलला. ऑगस्टीनने आणि नंतर थॉमस अक्वायनसने युद्धाला अटी घातल्या: अधिकार असलेल्या सत्तेनेच युद्ध पुकारावे, कारण न्याय्य असावे, हेतू शुद्ध असावा. या अटी युद्धाला लगाम घालण्यासाठी होत्या. त्या युद्धाचा परवाना म्हणून वापरल्या जाऊ लागल्या, ही पुढच्या काळातील फसवणूक. मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रदरन या मंडळ्यांनी मात्र शस्त्र न उचलण्याची जुनी वाट सोडली नाही. ब्रदरन मंडळीचे काम दक्षिण गुजरातेत आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू परिसरात रुजले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी ती उत्तर भारताच्या मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये, विलीन झाली. युद्धाला नकार देणाऱ्या परंपरेचा एक धागा अशा रीतीने महाराष्ट्रातील सीएनआयच्या वारशात आहे, हे तिच्या अनेक सभासदांना ठाऊक नसते. शस्त्राला संपूर्ण नकार देणारे आणि रक्षणासाठी शस्त्र मान्य करणारे अशा दोन्ही मतांना ख्रिस्ती परंपरेत जागा आहे. युद्धाला पवित्र म्हणायला जागा दोन्हींत नाही.

आता ख्रिस्ती मंडळ्यांनी स्वतःच युद्धांना आशीर्वाद दिले, हा टोला. तो खरा आहे आणि त्याला बगल देण्यात अर्थ नाही. पुणे लष्कर भागातले सेंट मेरीज चर्च १८२५ साली पलटणींसाठी बांधले गेले. पुरंदरच्या माचीवरही इंग्रजी अमदानीतल्या चर्चचे अवशेष उभे आहेत. साम्राज्याच्या फौजेमागोमाग ही देवळे आली, आणि तिथे विजयासाठीच्या प्रार्थना झाल्या. पहिल्या महायुद्धात जर्मन आणि इंग्रज दोघेही एकाच देवाला आपापल्या बाजूला ओढत होते. आजही युक्रेनवरील आक्रमणाला मॉस्कोच्या ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखांनी दिलेला पाठिंबा जगाने पाहिला आहे. पण या टोल्यातून निष्कर्ष कोणता निघतो? मंडळी चुकली म्हणून तिने पुन्हा चुकावे, असा तर नक्कीच नाही. चूक दाखवणारी माणसेही मंडळीच्या आतूनच उभी राहिली आहेत. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी जे. सी. कुमारप्पा यांनी ख्रिस्ती धर्मसेवकांना अहिंसक लढ्याला साथ देण्याचे जाहीर आवाहन केले, आणि अँग्लिकन मंडळीचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांच्याशी त्यावरून त्यांचा वाद झाला. जॅक विन्स्लो यांनी स्थापलेल्या ख्रिस्त सेवा संघाच्या पुण्यातील आश्रमात त्याच काळात व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे होते. सरकारची नाराजी पत्करून एल्विन यांनी सत्याग्रहाची बाजू घेतली. सत्तेच्या बाजूने बोलणाऱ्या बिशपांची नावे लक्षात ठेवणाऱ्यांनी ही नावेही लक्षात ठेवावीत.

निष्ठेवरच्या संशयाचा प्रश्न सर्वांत नाजूक, कारण त्याचे चटके खरोखर बसलेले आहेत. पुण्याच्या परिसरात त्याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. मुंबई-पुण्याचे कॅथलिक मिशन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन जेझुइटांकडे होते. पुण्यातली सेंट व्हिन्सेंट्स शाळा १८६७ साली त्यांनीच सुरू केली. १९१४ साली युद्ध पेटले आणि कालपर्यंत मराठी मुलांना शिकवणारे हे पाद्री एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना स्थानबद्ध केले गेले, बहुतेकांना पुढे देशाबाहेर पाठवले गेले. स्थानबद्धतेची मोठी छावणी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला होती. ज्या शहरात अमेरिकन मराठी मिशनने कितीतरी दशके शाळा चालवल्या, त्याच शहरात बासेल मिशनचे जर्मन पाद्री काटेरी तारेआड बसले होते. दोघांचे शास्त्र एक, प्रभू एक. फरक फक्त पासपोर्टचा.

पुण्याचे बिशप हेन्रिक डोरिंग यांची कहाणी या सगळ्यात वेगळी आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. महायुद्धाने त्यांचे मिशन मोडून काढले, आणि १९२१ साली त्यांची नेमणूक जपानमधल्या हिरोशिमाच्या कॅथलिक प्रांतावर झाली. १९२७ साली ते पुन्हा पुण्याला आले आणि १९४८ पर्यंत इथल्या धर्मप्रांताचे प्रमुख राहिले. म्हणजे ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती मंडळीला सहा वर्षे सांभाळलेला माणूस पुण्यात होता. त्या शहराच्या कडेला असलेल्या नवशिक्यांच्या मठात पेद्रो आरुपे या जेझुइट पाद्र्याने आपल्या अर्धवट राहिलेल्या वैद्यकीय शिक्षणाच्या बळावर भाजलेल्या माणसांवर उपचार केले. एका युद्धाने डोरिंगना पुण्यातून तोडले, दुसऱ्याने त्यांनी सांभाळलेले शहर जाळले. राष्ट्राच्या सीमेवर आपले प्रेम थांबवायला अशा माणसाला सांगणे म्हणजे त्याच्या आयुष्याचा अर्धा भाग पुसायला सांगणे. शांतीची हाक ‘बाहेरची’ आहे असे म्हणणाऱ्यांनी हा पुण्याच्या इतिहासातला भाग आहे हे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या महायुद्धात पाळी पुरंदरची आली. गोऱ्या सैनिकांच्या हवापालटासाठी वापरला जाणारा हा किल्ला जर्मन आणि इतर शत्रुराष्ट्रीय कुटुंबांच्या नजरकैदेसाठी वापरला गेला. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात, ते इथे अक्षरशः घडले: हिटलरच्या छळापासून जीव वाचवून आलेले जर्मन ज्यूही ‘जर्मन’ म्हणून याच गडावर ठेवले गेले. ज्याने त्यांना देशोधडीला लावले त्याचेच हे लोक, असा शिक्का त्यांच्यावर बसला. बडोद्याच्या संग्रहालयाचे कलेतिहासकार डॉ. हर्मन गोएट्झही इथल्या नजरकैद्यांत होते. त्यांनी तो काळ गडाच्या अभ्यासात घालवला आणि पुढे पुरंदरच्या वास्तूंवर लिहिले. शत्रू ठरवलेल्या माणसाने मराठ्यांच्या गडाची केलेली ही सेवा शालेय सहलींच्या माहितीत यायला हवी.

यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांच्या नेमका उलट आहे. युद्धात सबंध समाजाला, सबंध भाषेला, सबंध धर्माला शत्रू ठरवण्याची चटक लागते. ही चटक आज दुसऱ्यावर उलटते, उद्या आपल्यावर. तिला वेळीच रोखणे हे अल्पसंख्याकांच्याही हिताचे आणि देशाच्याही. ख्रिस्ती माणसाच्या देशनिष्ठेचा पुरावा मागणाऱ्यांसाठी परमवीरचक्र मिळालेल्या लान्स नाईक अल्बर्ट एक्कांचे १९७१ मधले हौतात्म्य पुरेसे आहे. पण देशनिष्ठेचा अर्थ रणांगणापुरता आखडून घेणेही बरोबर नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही; लोकांना लुबाडू नका, पगारात समाधान माना, असे सांगितले. सैनिकाचा मान आणि युद्धाला लगाम या दोन गोष्टी एकाच वेळी पाळता येतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या शौर्यापुढे मान झुकवणारा माणूसच ते युद्ध कशासाठी होते, असे विचारण्याचा अधिकारी आहे.

उरतो शेवटचा आक्षेप: आधी युद्ध संपू दे. युद्ध संपल्यावर काढलेले शांतीचे ठराव म्हणजे वरातीमागून घोडे. ऑगस्ट १९१४ मध्ये कॉन्स्टन्स येथे जमलेले ख्रिस्ती शांतीकार्यकर्ते युद्ध सुरू झाल्याने पांगले. कलोनच्या रेल्वे स्टेशनवर इंग्रज क्वेकर हेन्री हॉजकिन आणि जर्मन पाद्री फ्रीडरिख झिगमुंड-शुल्त्से यांनी एकमेकांचा निरोप घेतला तो आपल्यात युद्ध होणार नाही असा शब्द देऊन. त्यातून ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ ही संघटना उभी राहिली. तिने युद्ध थांबवले नाही. पण तेव्हा धरलेला धागा पुढे कितीतरी देशांत उपयोगी पडला.

महाराष्ट्रातला याचा दाखला शंकरराव देवांचा. सासवडच्या आश्रमाशी जोडलेले, पुढे संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष झालेले देव ख्रिस्ती नव्हते. पण १९६२ च्या चीन युद्धाच्या जखमा ओल्या असताना, १ मार्च १९६३ रोजी दिल्लीहून पेकिंगकडे निघालेल्या मैत्रीयात्रेचे नेतृत्व त्यांनी केले. तिच्यामागे ‘वर्ल्ड पीस ब्रिगेड’ होती, आणि त्या संघटनेच्या धुरीणांत अँग्लिकन पाद्री मायकेल स्कॉट आणि अमेरिकन धर्मसेवक ए. जे. मस्टी होते. देशात यात्रेवर सडकून टीका झाली. चीनने तिला प्रवेश दिला नाही आणि ती भारताच्या ईशान्य सीमेपलीकडे जाऊ शकली नाही. एवढ्यावरून तिला फसलेला खेळ म्हणणारे पुढचे वर्ष विसरतात. १९६४ च्या सुरुवातीला वोखा येथे भरलेल्या नागालँडच्या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या अधिवेशनाने शांती मंडळ नेमण्याच्या प्रस्तावाचे स्वागत केले. त्यासाठी जयप्रकाश नारायण, बिमलाप्रसाद चलिहा, मायकेल स्कॉट यांच्याबरोबर शंकरराव देवांचेही नाव पुढे आले होते. प्रत्यक्ष काम पहिल्या तिघांनी केले, आणि ६ सप्टेंबर १९६४ पासून भारतीय सेना आणि भूमिगत नागा यांच्यात शस्त्रसंधी लागू झाली. पुढे बोलणी फिसकटली, १९६६ साली स्कॉट यांना देशाबाहेर जावे लागले. तरीही वर्षानुवर्षे जळत्या गावांतून पळणाऱ्या लोकांना शेतात परत जाता आले ते याच शस्त्रसंधीमुळे. युद्ध चालू असताना दोन्ही बाजूंचा विश्वास असलेली माणसे तिथे होती, म्हणून ती झाली. मिझोराममध्ये १९६६ ते १९८६ या वीस वर्षांत चर्चच्या पुढाऱ्यांनी हेच केले. ३० जून १९८६ च्या मिझो कराराच्या पाठीमागे त्यांची ही चिकाटी आहे.

२०२५ च्या वसंतात हाच प्रश्न पुन्हा दारात आला. २२ एप्रिलला पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातलेही होते, पुण्यातलेही. ७ मे रोजी भारताने दहशतवादी तळांवर हल्ले केले, १० मे रोजी गोळीबार थांबला. ८ मे रोजी निवडून आलेल्या पोप चौदाव्या लिओंनी पहिल्याच शब्दांत शांतीचा आशीर्वाद दिला आणि ११ मे रोजी भारत-पाकिस्तानमधल्या शस्त्रसंधीचे स्वागत केले. काहींना हे मारेकऱ्यांबद्दलचे औदार्य वाटले. ते तसे नव्हते. मारेकऱ्याला शिक्षा व्हावी ही न्यायाची मागणी आहे, आणि न्यायावाचून ख्रिस्ती शांती उभीच राहत नाही. पण मारेकऱ्याच्या नावाने सबंध देशातल्या लेकराबाळांना शाप देणे हा न्याय होत नाही, आणि ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखावर त्याने फुंकरही घातली जात नाही.

भोंगवली, भोर, वेल्हे या भागांत ख्रिस्ती घरे मोजकी आहेत. मोजक्यांना काय जमणार, असे विचारले जाते. राष्ट्राराष्ट्रांत तह घडवून आणणे त्यांच्या हातात नाही; पण युद्ध गावात शिरते ते मोबाईलवरच्या द्वेषाच्या चित्रफितींतून, पारावरच्या बोलण्यातून आणि शाळेतल्या मुलांच्या शिव्यांतून, आणि तिथे त्यांचा हात पोचतो. म्हणून पुढे कधी असा प्रसंग आला, तर युद्धाच्या पहिल्याच रविवारी उपासनेत आपल्या मृतांबरोबर शत्रूच्या मृतांसाठीही प्रार्थना व्हावी. गावातला जो तरुण सीमेवर असेल त्याच्या आईवडिलांच्या घरी मंडळीतल्या कोणीतरी त्याच आठवड्यात जाऊन बसावे. एखाद्या मुसलमान शेजाऱ्याचे दुकान ओस पडू लागले, तर ख्रिस्ती घरांनी तिथूनच किराणा भरावा. आणि हे सगळे युद्ध संपण्याची वाट न पाहता, ते चालू असतानाच करावे.